चौकोन नेमका केवढा? सॉफ्टवेअरवाल्यांनो, एकदा नीट लिहून टाका!

मित्रांनो, विषय किरकोळ वाटेल, पण आपल्याकडे फ्लेक्स, रेडियम आणि ॲक्रिलिक कटिंगवर पोट असणारी पोरं गल्लोगल्ली आहेत. त्यांच्यासाठी तो किरकोळ नाही.

स्क्रीनवर १०० मिलिमीटरचा चौकोन काढा आणि त्याला ४ मिलिमीटर जाडीची बॉर्डर द्या. आता चौकोन केवढा झाला? बॉर्डर कडेच्या दोन्ही बाजूंना निम्मी निम्मी बसते, म्हणजे २ मिलिमीटर आत आणि २ बाहेर. डोळ्यांना दिसतो तो १०४ चा, आतली मोकळी जागा ९६ ची आणि मूळ आकार १०० चा. तिन्ही मापं खरी आहेत. प्रश्न एवढाच, की रुंदीच्या चौकटीत दिसणारा आकडा यातला कुठला?

इंकस्केप घ्या. फुकट आहे, चांगलं आहे, मी स्वतः वापरतो. त्यात निवडीचं टूल मूळ सेटिंगमध्ये बॉर्डरसह माप दाखवतं, म्हणजे १०४. त्याच चौकोनावर चौकोनाचं टूल घेतलं की आकडा येतो १००. दोन्हीकडे नाव एकच, रुंदी! हे बदलायची सोय प्राधान्यांमध्ये आहे, पण ती आहे हे आधी कुणीतरी सांगायला हवं ना. इलस्ट्रेटरमध्ये उलटं: मूळ सेटिंगला बॉर्डर मोजतच नाहीत. एका ठिकाणी शिकलेला मुलगा दुसरीकडे कामाला लागला की गोंधळ ठरलेला.

लेझर मशीन बॉर्डरची जाडी बघत नाही, ते मूळ रेषेवरून कापत जातं. म्हणजे बॉर्डरसह मापाच्या चौकटीत कुणी १०० टाकलं, तर पाटी निघणार साधारण ९६ ची. आमच्या भागात एका सोसायटीच्या नावाच्या पाट्या अशाच खाचेत खुळखुळल्या. सॉफ्टवेअर कुठलं, दुकान कुठलं, हा मुद्दा नाही. शीट वाया गेलं आणि पैसे कापले गेले ते मशीनवरच्या पोराच्या पगारातून. "तुला माप घेता येत नाही" हे ऐकावं लागलं ते वेगळंच. त्याने टाकलेला आकडा बरोबर होता हो. तो आकडा कशाचा, हे कुठे लिहिलेलं नव्हतं.

जाणकार म्हणतात, "अनुभवाने कळतं." कळतं ना, पण त्या अनुभवाची फी कोण भरतं?

आणि हे फक्त नवशिक्यांचं दुखणं नाही. वेब पानांमध्ये रुंदीत बॉर्डर धरायची की नाही, यावर ब्राउझरांचं वर्षानुवर्षं जमत नव्हतं. शेवटी कुठलं माप ते सांगणारा वेगळा गुणधर्मच आणावा लागला. इंकस्केपने २०१७ साली ०.९२ आवृत्तीत एका इंचात ९० ऐवजी ९६ पिक्सेल धरायला सुरुवात केली. पिक्सेलमध्ये मोजलेली जुनी फाइल तशीच उघडली, तर १०० मिलिमीटरची वस्तू ९३.७५ ची होणार! त्यांनी निदान ते ओळखलं आणि जुनी फाइल उघडताना विचारणा ठेवली. याला म्हणतात जबाबदारी.

आता आपल्या दारातलं उदाहरण. २०२२ च्या दुरुस्तीनुसार दुकानाच्या पाटीवर मराठी अक्षरांचा टंक आकार इतर भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान नसावा. उत्तम नियम. पण सॉफ्टवेअरमधला ७२ पॉइंट ही अक्षराची उंची नसते, ते अक्षराभोवतीच्या अदृश्य चौकटीचं माप असतं. दोन्ही ओळी ७२ च्या ठेवल्या तरी फॉन्ट बघून मराठी ओळ बारकी दिसू शकते. मग मोजायचं काय, आकडा की पाटीवरचं अक्षर? माझ्या मते पट्टी लावून अक्षरच मोजावं, आणि नियमातही तसं स्पष्ट लिहावं.

मागणी मोठी नाही. मापाच्या चौकटीशेजारी एक ओळ, मदतीच्या पानावर एक चित्र. तिरक्या वस्तूचंही तसंच सांगा, कारण १०० चा चौकोन ४५ अंशांत फिरवला की रुंदी १४१ दिसते. क्लासवाल्यांनी हे पहिल्या आठवड्यात शिकवावं. ऑर्डर घेतानाही कागदावर लिहून घ्या: माप बॉर्डरसह की बॉर्डर सोडून.

इंकस्केपचं भाषांतर स्वयंसेवकच करतात, त्यामुळे मराठी भाषांतराला आपणही हातभार लावू शकतो. मला सुचलेले शब्द 'दिसतं माप' आणि 'मूळ माप'. कटिंगच्या दुकानात याहून सोपे शब्द चालत असतील तर सांगा, तेच घेऊ.