जकात हक्क आहे, मग शिफारसपत्र कशाला?

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने लोकसभेत सांगितलं की मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप २०२२-२३ पासून बंद. कारण काय, तर ती इतर योजनांशी ओव्हरलॅप होते. हलालखोर घरातल्या मुलीला अनुसूचित जातींच्या फेलोशिपसाठी अर्जच करता येत नाही. १९५० च्या आदेशाच्या यादीत १९५६ साली शीख आले, १९९० साली बौद्ध आले. मुस्लिम आणि ख्रिश्चन दलित आजही बाहेर आहेत. तिच्यासाठी ओव्हरलॅप कुठे झाला?

तेव्हापासून माझ्यासोबत संशोधन करणारे काही जण रमजानमध्ये जकातीचे फॉर्म भरताना दिसतात. समाजशास्त्रामुळे मला फॉर्म वाचायची खोड आहे. वडिलांचा व्यवसाय, घराचा फोटो, इमामाचं किंवा मोहल्ल्यातल्या प्रतिष्ठित माणसाचं पत्र. मोहल्ल्यात प्रतिष्ठित कोण असतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. पसमांदा चळवळ हेच तर सांगत आली आहे.

खरं तर धर्मशास्त्र या फॉर्मच्या पुढे आहे. निसाबपेक्षा जास्त संपत्ती वर्षभर राहिली की तिच्यावर २.५ टक्के जकात, म्हणजे १० लाखांवर २५ हजार. कुरआन याला गरिबांचा हक्क म्हणतो, उपकार नाही. हनफी फिक्हमध्ये तर ‘तमलीक’ची अट आहे: पैसा घेणाऱ्याच्या मालकीचा झाला पाहिजे. तिने त्यातून मेसचं बिल भरावं की आईच्या औषधाला पाठवावेत, हा तिचा प्रश्न. चेक घेतानाचा फोटो यात कुठेच बसत नाही.

वेळेचाही घोळ आहे. रमजान दरवर्षी साधारण ११ दिवस अलीकडे सरकतो. सध्या तो फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो आणि फी भरायची असते जून-जुलैत. तोवर बहुतेक रक्कम वाटून झालेली असते.

जकात वाढली म्हणून सरकार सुटत नाही. पाच वर्षांच्या पीएच.डी.ला दरमहा मिळणारी फेलोशिप लागते, ती परत मागावीच लागेल. पण ज्यांच्या घरात पहिला पगार आला आणि आता जकात निघते, त्यांनी यंदा समितीला देण्याआधी तिचा फॉर्म मागून वाचावा. शिफारसपत्राची अट दिसली, तर ती काढायला सांगावं आणि काही रक्कम जुलैसाठी राखून ठेवायला लावावी.