उस्तादांच्या हातातली विद्या

आपल्या आष्टीत बेकरी असो, गॅरेज असो की शिलाईचे दुकान, धंद्याची खरी पुंजी उस्तादांच्या हातात असते. उस्ताद आजारी पडले की पावाची चव बदलते, गिऱ्हाईक तुटते. मग सगळेच लिहून ठेवायचे का? नाही. आधी धंदा कुठे न्यायचा ते घरात बसून ठरवायचे.

१९८५ मध्ये जपानची मात्सुशिता कंपनी घरगुती पावाचे यंत्र बनवत होती. पीठ नीट मळले जाईना. तेव्हा इकुको तनाका ही कर्मचारी ओसाकातील एका हॉटेलच्या मुख्य पाववाल्याकडे शिकायला गेली. पीठ ताणताना तो त्याला पीळही देतो, हे तिने हेरले. कंपनीला काय हवे ते ठाऊक होते, म्हणून नेमके तेच शिकता आले.

सप्टेंबर २०२२ पासून आष्टीहून नगरला रेल्वे जाते. तिकडचे गिऱ्हाईक जोडायचे असेल तर खारी-टोस्ट कुरकुरीत कसे राहतात ते टिपू या; लग्नाच्या ऑर्डरी वाढवायच्या असतील तर मापे आणि दर टिपू या. या महिन्यात उस्तादांशेजारी बसून निदान एक पान लिहू या, आणि त्यावर त्यांचे नावही घालू या.