आधी डबा, मग राइड

सध्या आमच्या फ्रिजवर दोन याद्या चिकटवलेल्या आहेत. एक नवऱ्याची, दुसरी माझी. नवऱ्याच्या यादीत राइड्सची नावं, प्रत्येकीपुढे मुलांची उंची चालेल की नाही याची खूण, आणि कुठली राइड किती वाजता गाठायची याचे बाण. माझ्या यादीत दशम्या, मेतकूट, बाबांच्या इन्सुलिनची थंड पिशवी, साबुदाणा भिजवायची वेळ. त्याची यादी वीस मिनिटांत झाली. माझी तीन संध्याकाळी चालू आहे आणि अजून संपलेली नाही.

वोल्फ्सबुर्गमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना हे चित्र ओळखीचं वाटेल. चाकणला फोक्सवागनचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला आणि पुणे-वोल्फ्सबुर्ग ही ये-जा आमच्या पिढीला पुणे-मुंबईसारखी झाली. मुलगा-सून इकडे, आई-बाबा तिकडे. मग ते तीन महिन्यांच्या व्हिसावर येतात, आणि त्या तीन महिन्यांत त्यांना सगळं दाखवायचं असतं. मुलांच्या शाळेच्या सुट्ट्या ठरलेल्या, आधी-नंतर दोन दिवस जास्त काढले तर शाळा ऐकून घेत नाही. उन्हाळ्यात कारखान्याची तीन आठवड्यांची मोठी सुट्टी लागली की अर्धं गाव एकदम बाहेर पडतं. म्हणजे जायचं त्याच दिवसांत, जेव्हा सगळेच जातात. थीम पार्कचं नियोजन हा प्रकार तिथून सुरू होतो.

खरं तर थीम पार्क आमच्या दारातच आहे. आउटोष्टाट १ जून २००० ला उघडलं, हानोफरच्या जागतिक प्रदर्शनाच्या मुहूर्तावर. काचेचे ते दोन मनोरे, ४८ मीटर उंच, प्रत्येकात चारशे नव्या गाड्या मधाच्या पोळ्यासारख्या रचून ठेवलेल्या. आजी-आजोबांना पहिल्या आठवड्यात तिथेच नेतो आम्ही. कालव्याच्या काठाने हळूहळू चालायचं, बाकावर बसायचं, दमलं की पुढचं बघायचं नाही. बाबांना तिथली सगळ्यात आवडलेली गोष्ट गाड्या नव्हेत, तर ही माहिती, की फोक्सवागन १९७३ पासून स्वतःचं सॉसेज बनवते आणि त्याला गाडीच्या स्पेअर पार्टसारखा क्रमांकसुद्धा आहे. १९९ ३९८ ५०० ए. पक्के शाकाहारी बाबा हा क्रमांक पुण्यात फोन करून मित्रांना सांगत होते! २०२१ मध्ये इथल्या कंपनीच्या एका कॅन्टीनमधून हे सॉसेज काढून शाकाहारी जेवण ठेवलं, तेव्हा माजी चान्सलर श्र्योडर यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली होती. दोन वर्षांनी ते परत आलं. जेवण हा किरकोळ विषय आहे असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

पण मुलांना आउटोष्टाट पुरत नाही. त्यांना हाइडे पार्क हवं असतं, जे झोल्टाऊला आहे आणि सकाळी निघून रात्री परत येण्यासारखं आहे. तिथला कोलोसोस हा लाकडी रोलरकोस्टर शाळेत प्रतिष्ठेचा प्रश्न असतो. त्याहून मोठी स्वप्नं म्हणजे फ्रान्सच्या सीमेजवळच्या रुस्टचं युरोपा-पार्क, आणि सगळ्यांच्या वर डिस्नेलँड पॅरिस.

आमच्या लहानपणी असं काही ठरवावं लागत नसे. १९८९ मध्ये गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं. त्याची जाहिरात पाठ होती सगळ्यांना. मामाकडे मुंबईला गेलो की एक दिवस ठरलेला. मार्वेहून बोटीत बसायचं, दिवसभर हुंदडायचं. मामीने पहाटे उठून केलेल्या पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी आम्ही धक्क्यावरच संपवायचो. मामी किती वाजता उठली असेल हा विचार तेव्हा आला नाही. आता येतो.

आता सगळं मोबाइलवर. डिस्नेने १९९९ मध्ये अमेरिकेत रांगेऐवजी वेळ देणारा फास्टपास आणला, तो फुकट होता. पॅरिसमध्ये २०२१ पासून त्याची जागा प्रीमियर अॅक्सेसने घेतली आणि तो पैसे मोजून, प्रत्येक माणसाचा, प्रत्येक राइडचा वेगळा. युरोपा-पार्कात अॅपवरून आभासी रांगेत नंबर लावता येतो, त्याचे पैसे पडत नाहीत. मला ही दुसरी पद्धत जास्त सभ्य वाटते. सहा जणांच्या कुटुंबाने रांग चुकवायला प्रत्येकी पैसे भरायचे म्हटले की आजी-आजोबा लगेच युरोचे रुपये करतात आणि ‘आम्ही बसतो इथे, तुम्ही जाऊन या’ म्हणून मोकळे होतात. मग त्यांना आणलं कशाला? पण फुकट असो की विकत, दोन्हीत एक गोष्ट सारखीच आहे. वेळ राइड ठरवते आणि तुम्ही तिच्यामागे धावता. पोटाची वेळ मध्ये आली तर पोट थांबतं.

गेल्या वर्षी शाळेच्या ऑक्टोबरच्या सुट्टीत आम्ही एका मोठ्या पार्कात गेलो होतो. कुठल्या ते महत्त्वाचं नाही, कारण चूक आमची होती. एक वाजताचं टेबल मी आठवडाभर आधी आरक्षित केलं होतं. बाबा जेवणाआधी इन्सुलिन घेतात. त्याप्रमाणे त्यांनी साडेबाराला घेतलं. तेवढ्यात नवऱ्याच्या मोबाइलवर पावणेएकचा नंबर आला. ‘दहा मिनिटांचं काम आहे,’ तो म्हणाला. नातीने हात ओढला म्हणून बाबाही रांगेत आले. राइडवर पिशव्या नेता येत नाहीत, म्हणून खाण्याची पिशवी लॉकरमध्ये. आणि आत शिरल्यावर राइड थांबली. तांत्रिक कारण. पाच मिनिटं, मग पंधरा. मागे माणसं, पुढे माणसं, दोन्ही बाजूंना कठडे.

बाबा बोलले नाहीत. ते कधीच बोलत नाहीत. लेकीने विचारलं, ‘आजोबांना एवढा घाम का आलाय?’ तेव्हा मी पाहिलं. थंडीचे दिवस, अंगात स्वेटर, आणि कपाळावरून घाम, हात थरथरतोय. साखर उतरली होती. माझ्याकडे पिशवी नाही, खिशात एक लिमलेटची गोळीसुद्धा नाही. पुढच्या एका जर्मन बाईंनी एक शब्द न विचारता मुलाच्या हातातली आप्फेलशोर्लेची बाटली घेतली आणि बाबांना दिली. सफरचंदाचा रस आणि सोड्याचं पाणी, इथलं घराघरातलं पेय. ते प्यायल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी त्यांचा चेहरा पूर्वीसारखा झाला. तोवर आम्ही कठड्याखालून बाहेर आलो होतो, टेबल दुसऱ्या कुणाला दिलं गेलं होतं, आणि लेक रडत होती, कारण तिला वाटत होतं की हे तिच्यामुळे झालं.

आम्ही गवतावर बसून दशम्या खाल्ल्या. नवरा बराच वेळ गप्प होता.

त्यानंतर मी जरा वाचलं, विचारलं, आणि आता माझं मत पक्कं झालंय: अशा सहलीत जेवणाची वेळ आधी ठरवायची, लिहून टाकायची, आणि राइड्स तिच्या भोवती बसवायच्या. हे उलटं करणारे आपण पहिले नाही. डिस्नेचं पॅरिसचं पार्क १२ एप्रिल १९९२ ला उघडलं, तेव्हा खुद्द डिस्नेनेही खाण्याचा अंदाज चुकवला होता. युरोपातली माणसं न्याहारी फारशी करत नाहीत असं समजून न्याहारीच्या जागा लहान ठेवल्या, आणि सकाळी झुंबड उडाली. अमेरिकेसारखे लोक दिवसभर चालता चालता खातील असं वाटलं, तर फ्रेंच लोक दुपारी एकाच वेळी जेवायला बसायला आले. जेवणाबरोबर वाइन नाही म्हणून ओरड झाली ती वेगळीच. दुसऱ्या वर्षी ती द्यावी लागली. एवढ्या मोठ्या कंपनीला जे कळलं नाही, ते आपल्याकडची कुठलीही आजी सांगू शकली असती. माणूस भुकेच्या वेळेला भुकेलाच असतो.

त्या दुपारच्या झुंबडीतून सुटायचा मार्ग साधा आहे. साडेअकराला जेवा. आपल्या मंडळींना ते फार लवकर वाटतं, पण सकाळी सहाला उठून निघालेल्यांना साडेअकराला भूक लागलेली असतेच, आणि सगळे जेवत असतात तेव्हा राइड्सच्या रांगा जरा कमी होतात. लहान भावंड उंचीत बसत नसेल तर ‘बेबी स्विच’ विचारा: एक पालक राइडवर, दुसरा मुलाजवळ, मग अदलाबदल, आणि दुसऱ्याला पुन्हा सगळी रांग लावावी लागत नाही. उंचीची पट्टी मात्र घरीच लावून जा. डिस्नेच्या बिग थंडर माउंटनला १०२ सेंटिमीटर लागतात, युरोपा-पार्कच्या सिल्व्हर स्टारला १४०. दारात जाऊन परत फिरलेल्या मुलाचं रडणं कुठल्याही आइस्क्रीमने थांबत नाही.

शाकाहाराचं म्हणाल, तर दहा वर्षांपूर्वीपेक्षा परिस्थिती कितीतरी बरी आहे. तरी ‘वेगेटारिश’ या शब्दावर विसंबू नका. त्यात अंडं चालतं. अंडं न खाणाऱ्यांनी ‘वेगान’ बघावं. मेनूवर पदार्थांपुढे जी बारीक अक्षरं किंवा आकडे असतात, ती अॅलर्जीची खूण. डिसेंबर २०१४ पासून युरोपात १४ अॅलर्जीकारक घटक सांगणं बंधनकारक आहे. त्यात शेंगदाणे आहेत, तीळ आहेत, मोहरीसुद्धा आहे (आपली फोडणी म्हणजे इथे जाहीर करण्याची बाब!). पण कांदा-लसूण नाहीत. त्यामुळे चातुर्मास पाळणाऱ्या किंवा जैन माणसाला त्या अक्षरांचा काही उपयोग नाही, तिथे तोंडानेच विचारावं लागतं.

आणि उपास. ऑक्टोबरची सुट्टी आणि नवरात्र अनेकदा एकत्र येतात, आणि माझ्या सासूबाई नऊ दिवस धरतात. पार्कात त्यांना चालण्यासारखं म्हणजे बटाटा. पण तळलेल्या बटाट्यांच्या तेलात आधी काय तळलं होतं, हा प्रश्न विचारला की काउंटरवरची मुलगी गोंधळते आणि खरं सांगते. तेव्हा घरचाच डबा. युरोपा-पार्कात स्वतःचं खाणं नेता येतं. जाण्याआधी प्रत्येक पार्कचा नियम मात्र बघून घ्यावा. साबुदाण्याची खिचडी गार झाली की चिवट होते, म्हणून मी वऱ्याच्या तांदळाचे घावन करते. राजगिऱ्याचे लाडू पुण्याहूनच येतात. खजूर सगळीकडे मिळतात.

मधुमेह असलेल्यांसाठी एक सांगते. इथे औषधाच्या दुकानात आणि सुपरमार्केटात ‘ट्राउबेनत्सुकर’ नावाच्या द्राक्षशर्करेच्या गोळ्या मिळतात, फार स्वस्त. त्या पिशवीत नाही, अंगावरच्या खिशात ठेवायच्या. बाबांच्या खिशात, माझ्या खिशात, आणि लेकीच्याही. तिला आता माहीत आहे कधी द्यायच्या. आणि इन्सुलिन टोचायचं ते ताट समोर दिसल्यावरच, असं आमच्या डॉक्टरांनी बाबांना आता बजावून सांगितलंय. ज्याने त्याने आपापल्या डॉक्टरांना विचारावं, प्रत्येकाचं औषध वेगळं.

माझी खरी तक्रार मात्र पार्कशी नाहीच. आपल्या घरांत ‘सहलीचं प्लॅनिंग’ म्हणजे तिकिटं, हॉटेल आणि राइड्स, असं धरलं जातं, आणि ते पुरुष करतात, स्क्रीनवर, सगळ्यांना दाखवून. डबे, औषधं, उपास, धाकट्याची झोप, सासूबाईंचे गुडघे, हे ‘प्लॅनिंग’ मध्ये मोजलंच जात नाही. ते आपोआप होतं असं समजतात. म्हणून राइडचा नंबर आला की जेवण सहज पुढे ढकललं जातं. ज्या गोष्टीवर आपण काही खर्चच केलेला दिसत नाही, ती मोडायला काय जातं? नवरा वाईट नाही माझा. त्याच्या यादीत जेवण नव्हतं, इतकंच.

यंदा दोन्ही याद्या एकच करायच्या असं ठरलंय. काल रात्री तो बसला होता त्यावर. पहिल्या ओळीत साडेअकरा, बाबांचं जेवण. दुसऱ्या ओळीत राइड. आठपैकी चार राइड्स त्याने स्वतःच खोडल्या, आणि दुपारी दोन ते चारची चौकट रिकामी ठेवली. साबुदाणा किती वेळ भिजवायचा हे त्याने मला विचारलं. मी सांगितलं, साबुदाणा नाही, वऱ्याचे तांदूळ.

सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर यादी दाखवली. त्यांनी चष्मा लावून सगळी वाचली आणि एवढंच विचारलं, ‘तिथे सावलीत बसायला बाकं आहेत ना गं?’ पार्कच्या नकाशात बाकं दाखवत नाहीत. नवरा आता ती शोधतोय.