इंग्लिश बाग, बुलढाणा टाइम

इंग्लिश बागांचे व्हिडिओ बघून कुंड्या-फावडी विकत घेणाऱ्या आपल्यासारख्या नवशिक्यांची हल्ली भरपूर टिंगल होते. "इथे प्यायला पाणी नाही आणि यांना लॉन पाहिजे" वगैरे. टिंगल निम्मी बरोबरच आहे. पण उरलेल्या निम्म्याबद्दल माझं जरा वेगळं मत आहे, म्हणून आजचा हा रविवार खर्ची घालतोय :)

बागकामात मी अजून फ्रेशरच. एका वर्षाचा अनुभव, तोही बुलढाण्याच्या घरामागच्या दहा बाय पंधरा फुटांत. तरी सांगतो: इंग्लिश बागेकडून झाडांची यादी घेऊ नका, कॅलेंडर घ्या.

तिथला माळी नेमकं काय करतो बघा. फेब्रुवारीच्या थंडीत स्नोड्रॉप, मग डॅफोडिल, ट्युलिप, जूनमध्ये गुलाब, शेवटी शरदात डेलिया आणि ॲस्टर. एक उतरायला लागलं की दुसरं तयार. गर्ट्रूड जेकिल (१८४३-१९३२) या बाई मूळच्या चित्रकार. सगळी बाग बारा महिने फुललेली ठेवण्याच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत. बागेचा एकेक भाग एकेका हंगामाला देऊन टाकला. मला हे फार पटलं.

आता हाच कोड जसाच्या तसा बुलढाण्यात पेस्ट केला तर? तारखा हार्डकोडेड आहेत ना! लंडनचा जुलै म्हणजे दुपारी साधारण २३-२४ अंश. आपल्याकडे त्याच्या जवळपास जाणारी हवा डिसेंबर-जानेवारीत. म्हणून पॅन्सी, पिटुनिया, स्वीट पी यांचं बी दसऱ्याच्या आगेमागे टाकायचं. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधलं फुलांचं प्रदर्शन जानेवारीत भरतं, ते उगाच नाही.

पण थंडीच्या फुलांपेक्षा मोठा प्रश्न उन्हाळ्याचा. माझी आजी माझी गुलाबांची यादी ऐकून एकच बोलली, "त्याले पाणी कोन टाकीन रे उन्हायात?" विषय संपला. शहराचं पाणी पैनगंगेवरच्या येळगाव धरणातून येतं, आणि मे महिन्यात त्या पाण्याकडे घरातल्या प्रत्येक बादलीचा डोळा असतो. ही झाली घाटावरची गोष्ट. घाटाखाली शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडे खारपाणपट्टा. तिथे विहिरीला पाणी असलं तरी खारं, नाजूक झाडांच्या पानांच्या कडा करपून जातात.

मग लॉनचं काय? सोडून द्या. इंग्लंडमध्ये पाऊस बारा महिने थोडा थोडा पडतो, म्हणून तिथली हिरवळ जगते. आपला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. आणि गंमत म्हणजे खुद्द इंग्लंडातही एका बाईने हे ओळखलं. एसेक्स हा तिथला कोरडा भाग. बेथ चॅटो यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या आपल्या बागेतल्या गाड्या लावायच्या जागेवर खडीची बाग केली, आणि ठरवलं की वरून पाणी घालायचं नाही. जे जगेल ते जगेल. ती बाग जगप्रसिद्ध झाली. बुलढाण्यात एसेक्सपेक्षा वर्षाला जास्तच पाऊस पडतो बरं का! फक्त तो चार महिन्यांत येऊन निघून जातो.

माझा खरा मुद्दा इथे आहे. इंग्रज माणूस जानेवारीत बाहेरच्या वाफ्यांना हीटर लावून फुलं काढत बसत नाही. झोपू देतो बागेला. आपला झोपेचा महिना मे. मग मे महिन्यात पाइप लावून बाग जागी ठेवायचा अट्टाहास कशाला? कळलावीचे कंद जमिनीत गुपचूप पडून राहतात, पाऊस आला की वर येतात, श्रावण-भाद्रपदात फुलतात आणि परत गायब. (विषारी असते, घरात लहान मुलं असतील तर नको.) भुईचाफा तर ऐन उन्हाळ्यात, पानं यायच्या आधीच मातीतून थेट फूल काढतो. हाच आपला स्नोड्रॉप म्हणा ना.

सिसिंगहर्स्टची पांढरी बाग फोटोत बघितलीच असेल. व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट यांनी ती जागा १९३० साली घेतली आणि पुढे तिथे एक भाग फक्त पांढऱ्या फुलांचा केला. आपल्याकडे पांढऱ्याला वासही आहे! चैत्र-वैशाखात मोगरा, पहिल्या पावसाच्या सुमारास अनंत, मग जाई, शरदात पारिजातक, थंडीत कुंद. पाच झाडांत जवळपास वर्ष. मोगऱ्याला भांडी धुतलेलं पाणी (साबण नको) पुरतं, बाकीची मंडळी एकदा मुळं धरली की फार लाड मागत नाहीत.

त्यांची एक युक्ती मात्र जरूर उचला. मे अखेरीस ते काही झाडं वरून छाटतात, म्हणजे फुलं उशिरा पण भरघोस येतात. आपण शेवंतीचे शेंडे आषाढ-श्रावणात खुडायचे. रात्री मोठ्या झाल्या की शेवंतीला कळ्या धरतात, त्यामुळे दिवाळीच्या पुढेमागे झाड भरतं.

"म्हणजे फक्त देशीच लावायचं का?" नाही हो. झेंडू मेक्सिकोचा, गुलमोहर मादागास्करचा. त्यांच्याशिवाय आपला दसरा आणि आपला मे महिना कल्पून बघा. उलट घाणेरीही बाहेरून बागेचं शोभेचं झाड म्हणूनच आली आणि आज देशभरातली जंगलं तिने अडवली आहेत. प्रश्न पासपोर्टचा नाही, ते झाड इथल्या पावसाशी आणि शेजाऱ्यांशी कसं वागतं याचा आहे.

असो. होमवर्क देतो. नर्सरीत जायच्या आधी भिंतीवरचं कालनिर्णय घ्या. दुधाच्या हिशोबाशेजारी त्या दिवशी काय फुललं ते लिहा. स्वतःच्या दारातलं, शेजारच्या काकूंच्या अंगणातलं, फाल्गुनात बोथ्याच्या रस्त्यावरचा पळससुद्धा. वर्षाच्या शेवटी रिकामे चौकोन दिसतील. खरेदी फक्त त्यांच्यासाठी करायची. आणि मे रिकामा दिसला तर राहू द्या. आजीला विचारा, ती हेच सांगेल.