जेवणाआधीचे पाणी

यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा, उमरखेड यांपैकी कोणत्याही गावी एस. टी. स्टँडसमोरच्या एखाद्या हॉटेलात शिरावे आणि हात धुण्याची जागा कोठे आहे ते पाहावे. बहुतेक ठिकाणी ती अगदी मागे, भटारखान्याला लागून, उष्टी भांडी ठेवतात त्या मोरीच्या शेजारी आढळते. गिऱ्हाईक दारातून येते, रिकामे बाकडे पाहून बसते, पुढ्यात आलेला आलूबोंडा किंवा तर्रीपोहे खाते आणि मग हाताचे तेल घालवण्यासाठी उठून त्या मोरीकडे जाते. तेथे साबण असलाच तर त्याचा चुरा झालेला असतो आणि पुसण्यासाठी टांगलेल्या फडक्याचा मूळ रंग सांगणे अवघड असते. अपवाद आहेत, आणि त्यांचे कौतुकही झाले पाहिजे. परंतु सर्वसाधारण रचना अशी आहे की, हात धुणे ही जेवणानंतरची गोष्ट ठरली आहे. रोग टाळायचा तर ते जेवणाआधी झाले पाहिजे.

हा आपल्या लोकांच्या सवयींचा दोष आहे, असे म्हणून सुटका करून घेता येणार नाही. वऱ्हाडातल्या साध्यातल्या साध्या घरी बाहेरून आलेल्या माणसापुढे प्रथम पाण्याचा तांब्या येतो. हातपाय धुतल्याशिवाय पाटावर बसू नये, हे येथल्या मुलांना कोणत्याही पाठ्यपुस्तकाच्या आधी आजीकडून समजते. घरी हा नियम कसोशीने पाळणारा माणूस हॉटेलात मात्र तो सहज मोडतो. कारण तेथे पाणी त्याच्या वाटेत येत नाही. सवय ही बरीचशी सोयीवर अवलंबून असते. दारातच नळ आणि साबण दिसला तर दहातले सात-आठ जण आपणहून थांबतील. तोच नळ मागच्या अंधाऱ्या बोळात असला, तर सुशिक्षित माणूसही ‘असू द्या’ म्हणून घास उचलतो.

या जिल्ह्यात हा प्रश्न इतरत्रहून अधिक निकडीचा आहे. येथल्या हॉटेलांचे गिऱ्हाईक कोण, हे पाहिले म्हणजे ते ध्यानात येते. बाजार समितीत कापसाच्या गाड्या खाली करून आलेला शेतकरी, खताची पोती उचलणारा हमाल, कृषी केंद्रातून फवारणीच्या औषधाचा डबा घेऊन गावाकडच्या गाडीची वाट पाहणारा तरुण, हे ते गिऱ्हाईक. २०१७ च्या खरिपात फवारणीतून झालेल्या विषबाधेने जिल्ह्यातील वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. त्या दुर्घटनेत विष शिरले ते मुख्यतः फवारणीच्या वेळी श्वासावाटे आणि कातडीवाटे. हॉटेलात नळ असता तर ते मृत्यू टळले असते, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. परंतु ज्या जिल्ह्याने ही किंमत मोजली आहे, तेथे औषध हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय खाऊ नये, ही सूचना डब्यावर बारीक अक्षरांत छापून भागणार नाही. ती पाळता येईल अशी सोय खाण्याच्या जागी असली पाहिजे. अल्कोहोलयुक्त सॅनिटायझरची बाटली येथे पुरी पडत नाही. मळलेल्या, तेलकट हातांवर तिचा गुण कमी येतो आणि हाताला लागलेले औषध ती धुऊन काढू शकत नाही. त्यासाठी पाणी आणि साबणच लागतो.

दुसरे गिऱ्हाईक रुग्णांच्या नातेवाइकांचे. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात लांबलांबच्या खेड्यांतून माणसे येतात. रुग्णाची सेवाशुश्रूषा करून बाहेर आलेला नातेवाईक रस्त्यावर मिळेल ते खातो आणि पुन्हा रुग्णापाशी जाऊन बसतो. विषमज्वर, कावीळ, आमांश, जंत हे सारे विकार हातावाटे तोंडात जाऊ शकतात. व्हिएन्नाच्या रुग्णालयात डॉ. सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवावयास लावले. तेव्हा प्रसूतिकक्षातील मृत्यूंचे प्रमाण, जे दहा टक्क्यांच्या वर गेले होते, ते काही महिन्यांत दोन टक्क्यांच्या आसपास उतरले. आपल्यासारख्याच परिस्थितीतील उदाहरण हवे असेल तर ते कराचीचे आहे. तेथील गरीब वस्त्यांत केलेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, साबण पुरवून हात धुण्याची सवय लावलेल्या घरांतील मुलांमध्ये जुलाबांचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले. विशेष म्हणजे जंतुनाशक म्हणून विकला जाणारा साबण आणि साधा साबण यांच्या गुणात फरक आढळला नाही. म्हणजे महागड्या वस्तूची येथे गरजच नाही.

या बाबतीत कायदा मुका आहे असेही नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा. त्याखालील परवान्यासंबंधीचे नियम ५ ऑगस्ट २०११ पासून अमलात आले. त्यांच्या चौथ्या अनुसूचीत उपाहारगृहांसाठी जो भाग आहे, त्यात हात धुण्याची पुरेशी बेसिने, साबण आणि स्वच्छ टॉवेल गिऱ्हाइकांच्या प्रवेशाच्या जागी व स्वयंपाकाच्या जागी असावेत, असे सांगितले आहे. ‘प्रवेशाच्या जागी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. नियम करणाऱ्यांना हात धुणे जेवणाआधीचे अभिप्रेत होते, हे त्यावरून स्पष्ट होते. इतकी वर्षे लोटली, तरी आपली बेसिने मागच्या भिंतीवरून पुढच्या दाराशी आलेली नाहीत.

ती येऊ शकतात, हे मात्र आपण पाहिले आहे. २०२० मध्ये कोविडच्या भीतीने चहाच्या टपरीपुढेदेखील तोटी लावलेला ड्रम आणि साबणाची वडी दिसू लागली होती. त्यासाठी कोणी मोठे अनुदान दिले नव्हते. साथ ओसरली आणि ड्रमही हळूहळू दिसेनासे झाले. जणू काही हातावाटे होणारे बाकीचे आजार त्या साथीबरोबर निघून गेले होते! जे भीतीपोटी महिन्याभरात साधले, ते विचाराने कायम का टिकू नये?

हॉटेलवाले पाण्याची अडचण पुढे करतील. ती खोटी नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही शहराला पाणी पुरवणारी धरणे आटली आणि यवतमाळकरांना पंधरा-पंधरा दिवस नळाची वाट पाहावी लागली. परंतु हिशेब मांडून पाहावा. बारीक धारेची तोटी असली तर एका माणसाचे हात अर्ध्या लिटरमध्ये नीट धुतले जातात. दिवसाला दोनशे गिऱ्हाइके धरली तरी शंभर लिटर पाणी लागेल, म्हणजे दोनशे लिटरचा अर्धा ड्रम. तोंडाशी चूळ भरताना मोकळा सोडलेला नळ यापेक्षा कितीतरी अधिक पाणी वाया घालवतो. टंचाईमुळे नळाची तोटी बारीक व्हावी हे योग्यच आहे. साबण नाहीसा व्हावा, याला मात्र टंचाई हे कारण होऊ शकत नाही.

खर्चाचेही तसेच. जाळीच्या पिशवीत टांगलेली साबणाची वडी चोरीला जात नाही आणि चिखलातही पडत नाही. सार्वजनिक टॉवेल काढून टाकला तर खर्च वाढत नाही, उलट वाचतो. कारण एकाच ओल्या फडक्याने पन्नास जणांनी पुसण्यापेक्षा हात हवेवर वाळवणे बरे. खरा प्रश्न आहे तो हातगाड्यांचा. ज्याची सारी दुकानदारी चार चाकांवर आहे, त्याच्याकडून बेसिनाची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. आणि त्याचे गिऱ्हाईक तर सर्वांत कष्टकरी. तेथे नगरपालिकांनी पुढे यावे. जेथे अशा दहा-वीस गाड्या एकत्र उभ्या राहतात, त्या स्टँडजवळच्या व आठवडी बाजाराच्या जागी टाकी, दोन तोट्या आणि सांडपाण्याची नाली एवढी सोय करणे कोणत्याही पालिकेच्या आवाक्यातले आहे. साबणाचा भार गाडीवाल्यांनी आळीपाळीने उचलावा.

अन्न व औषध प्रशासनाने परवाना देताना आणि तपासणी करताना दोनच प्रश्न प्रथम विचारावेत : हात धुण्याची जागा दारातून दिसते काय आणि तेथे आज साबण आहे काय? दंडाच्या बडग्याने सुरुवात करण्याचे कारण नाही. आधी मुदत द्यावी, सुधारणा करणाऱ्यांची नावे जाहीर करावीत आणि मगच कारवाईकडे वळावे. पांढरकवड्याच्या बाजूने हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गावरील ढाब्यांपासून आरंभ केल्यास त्याचा लाभ जिल्ह्याबाहेरच्या प्रवाशांनाही होईल.

तथापि सरकारी निरीक्षक वर्षातून एकदा येतो, गिऱ्हाईक मात्र रोज येते. जिल्ह्याच्या ठिकाणी खोली घेऊन राहणारे आणि खानावळीत जेवणारे विद्यार्थी, दुपारच्या सुट्टीत चहाला जाणारे कारकून, बदलीच्या गावी एकटे राहणारे शिक्षक हे या हॉटेलांचे नित्याचे आश्रयदाते आहेत. त्यांनी बसण्याआधी ‘साबण कोठे आहे?’ एवढेच रोज विचारले, तरी पंधरवड्यात फरक दिसेल. मालकाला कायद्याचे कलम पाठ नसेल, पण गिऱ्हाइकाचे मन त्याला चांगले समजते.

शिक्षकांवर तर एक विशेष जबाबदारी येते. २००८ पासून १५ ऑक्टोबर हा दिवस जगभर हात धुण्याचा दिवस म्हणून पाळला जातो. आपल्या शाळांतूनही मुले त्या दिवशी रांगेने हात धुतात. तोच मुलगा संध्याकाळी वडिलांबरोबर बाजारात जातो आणि न धुतलेल्या हाताने समोसा खातो. शाळेत शिकलेले बाजारात चालत नाही, हा धडा त्याने घेऊ नये असे वाटत असेल, तर बाजार बदलला पाहिजे. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या गाडगेबाबांनी हाती खराटा घेतला तो दुसऱ्याला उपदेश करण्यासाठी नव्हे. आधी गाव झाडले आणि मग रात्री कीर्तन केले. त्यांचे नाव घेणाऱ्या या प्रदेशात दारातला नळ आणि साबणाची एक वडी ही मागणी फार मोठी म्हणता येणार नाही. पाहुण्यापुढे आधी पाणी ठेवण्याची आपली जुनी रीत आहे. पैसे मोजून जेवणाऱ्या पाहुण्यालाही तिचा लाभ मिळावा, एवढेच हॉटेलवाल्यांकडे मागणे आहे.