कार्यक्रमाआधी गिटार तपासा

लासूर स्टेशनसारख्या गावात रात्री कार्यक्रमात गिटार बंद पडली, तर मिस्तरी कुठून आणणार? म्हणून गायन पार्टीतल्या तरुणांनी एवढे शिकून घ्यावे.

आवाज गेला, तर आधी वायर बदलून पाहावी. पुष्कळदा जॅकमधले सोल्डर सुटलेले असते. बटण फिरवताना खरखर आली, तर आत धूळ असते. कॉन्टॅक्ट क्लीनर थोडा मारून बटण दहा-वीस वेळा फिरवावे. खोबरेल तेल घालू नये. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या सुती फडक्याने पुसाव्यात, घामाने त्या गंजतात.

घुरघुर थांबावी म्हणून काही जण अॅम्प्लिफायरच्या प्लगची मोठी, अर्थिंगची पिन काढून टाकतात. असे कधीही करू नका. बिघाडाने बॉडीत आलेला 230 व्होल्टचा करंट त्याच वाटेने जमिनीत जातो. ती वाट बंद केली, तर हात तारांवर असताना ओठ माईकला लागताच तो अंगातून जाऊ शकतो. मुंग्या आल्यासारखे झाले तरी आधी मेन स्विच बंद करा, गाणे नंतर.

घरच्यांनीही मुलगा कार्यक्रमाला निघताना विचारावे, “बाळा, प्लगला तिन्ही पिना आहेत ना?”