हरला म्हणा की सरळ!

आपल्या क्रीडापानांवर सामन्याचा रोज ‘रणसंग्राम’ होतो, बाद झालेला फलंदाज ‘धारातीर्थी’ पडतो. मला हे खटकतं.

१९३९ चा आयोवा विद्यापीठाचा संघ बघा. (फुटबॉल अमेरिकी, म्हणजे पायापेक्षा हातांचाच!) आदल्या मोसमात जेमतेम एक विजय, यंदा सहा. खेळाडू मोजकेच, म्हणून कित्येक जण साठही मिनिटं मैदानात. बलाढ्य नोत्र दामला ७-६ नं हरवलं, ते सातही गुण नाइल किनिकचे. हाइझमन करंडक घेताना त्यानं देवाचे आभार मानले, ते युरोपच्या रणभूमीऐवजी इथल्या मैदानांवर लढल्याबद्दल. २ जून १९४३ ला नौदलाच्या सरावात त्याचं विमान समुद्रात कोसळलं. वय २४.

त्याला मैदान आणि रणांगण वेगळं कळत होतं. आपल्या वार्ताहरांना हरलेला संघ नुसता ‘हरला’ म्हणून का लिहवत नाही?